मामांच्या नावाची पेटी

माझ्या मामेभावाइतका संशयी आणि तितकाच मायाळू माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडणार नाही. अमरावतीच्या स्टँडवर तो पाटी वाचूनच एसटीत चढतो, तरी कंडक्टरला विचारतो, मग शेजारच्या म्हातारीला, आणि उतरल्यावर पानवाल्याला, "हे अकोटच हाय ना?" चहाचा घोट घेऊन वहिनीला गंभीरपणे सांगतो, "पाहिजे होता गोड, निघाला फिक्का." वहिनी म्हणते, "मंग टाका साखर." तो मुकाट्याने टाकतो.

पोटापाण्यालाही त्याने हेच धरलंय. संत्री विकणारी एक वेबसाइट नीट चालते का, हे तो घरबसल्या तपासतो. बटणं स्वतः दाबत नाही, कॉम्प्युटरला तशा सूचना लिहून ठेवतो. रोज सकाळी ब्राउझर आपोआप उघडतो, साइटची सरावासाठी केलेली नक्कल समोर येते, रकान्यात गिऱ्हाइकाचं नाव उमटतं, पेटी मागवली जाते. 'ऑर्डर मिळाली' असं दिसलं तर हिरवी खूण, नाहीतर लाल. "याले वाट पाहाले शिकवा लागते," तो मला म्हणाला होता. "पान उघडाच्या आधीच बटण दाबाले धावते." या लुटुपुटीच्या गिऱ्हाइकाला त्याने मामांचं नाव दिलं होतं, पत्ता मोर्शीच्या घराचा. मामांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते नाव पडद्यावर येताना मी त्याच्या शेजारी कितीदा बसलोय. दोघांचाही चहा निवून जायचा.

एकदा सरावाच्या साइटऐवजी त्याने खऱ्या साइटचा पत्ता टाकला. जगातलं सगळं तपासणाऱ्याने नेमकं तेवढंच तपासलं नाही, आणि मोर्शीला मामीच्या दारात मामांच्या नावाने संत्र्यांची खरीखुरी पेटी येऊन पडली. ज्यांनी जन्मभर संत्री पिकवली, त्यांच्या घरी विकतची संत्री. मामी नुकती कुठे सावरत होती. आईला काय वाटलं असेल, या धास्तीने मला घेऊन तो पाटी न वाचताच मोर्शीच्या एसटीत चढला.

मामी ओसरीवर संत्रं सोलत बसली होती. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. तिने एक फोड तोंडात टाकली.

"आंबट हाय," ती म्हणाली. "चाखल्याबिगर एक फळ कोणाले देल्लं नाही तुह्या बाबानं." मग दुसरी फोड सोडवत, "ते नाव रोज येते?"

"येते."

"मले दाखव."

त्याने लॅपटॉप उघडला, या खेपेला पत्ता पुन्हा पुन्हा वाचला. मामीने चष्मा लावला. नाव झरकन उमटलं आणि पान पुढे सरकलं.

"त्याले म्हण हळू लिही," मामी म्हणाली.

त्याने गती कमी केली. आता रोज सकाळी मामांचं नाव एकेक अक्षराने येतं, आणि आमचा हा संशयी माणूस पुढची हिरवी खूण बघायचंच विसरतो.