संपतची तिसरी ओळ

संपत गेल्याचा निरोप आला तेव्हा मी सांगलीच्या वसतिगृहात त्याचीच वाट बघत होतो. कावीळ झाली म्हणून तो माण तालुक्यातल्या आपल्या गावी गेला होता. आठवड्यात येतो म्हणाला होता... शेजारच्या खोलीतल्या मुलानं दारातूनच सांगितलं, आणि मी हातातल्या शर्टाची घडी घालत राहिलो, मोडत राहिलो. अजूनही एका जागी बसवत नाही.

आम्ही दोघंही आपापल्या घरातून कॉलेजात आलेले पहिलेच. मी कोरेगावचा. त्याच्या मामाला मुंबईच्या गोदीत एका खलाशानं आलेख काढणारा कॅल्क्युलेटर दिला होता, तो संपतकडे आला. त्यात मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, भरली की क्षणात गुणाकार होई. माहितीपुस्तिका नव्हतीच. बटणं दाबतच शिकलो. पण मापं जुळत नाहीत म्हणून यंत्र सारखं अडायचं. शेवटी संपतच ओरडला, "आरं गड्या, आपुन नांगरतोय! आधी उभं, मग आडवं. ह्याला आडव्या ओळी आधी सांगाय लागत्यात." सुट्टीत त्यानं वडलांना हे दाखवलं, तर ते म्हणाले, "मॅट्रिक तर कवाच झालास की रं. आता परत मॅट्रिक कशापायी?" हे सांगताना त्याला हसू आवरायचं नाही.

दहाव्याला त्याच्या गावी गेलो. वडलांनी कॅल्क्युलेटर माझ्या हातात ठेवला. "तूच वापर. आमाला काय उमजतंय त्यातलं." मग म्हणाले, "त्यानं लिवल्यालं काय हाय का यात?" मी 'ए' नावाची चौकट उघडून दाखवली. दोन ओळी त्यानं भरलेल्या. तिसरीच्या आधी ताप चढला असावा. न भरलेल्या जागी यंत्र शून्य ठेवतं.

"मग ऱ्हाऊ दे तसंच," ते म्हणाले.

पण मला ते तसं बघवत नाही. गणित पुस्तकातलंच आहे, तिसरी ओळ मला पाठ आहे. ती भरली तर उत्तर येईल. न भरता इन्व्हर्स, म्हणजे उत्तरासाठी लागणारी व्यस्त चौकट, मागितला तर यंत्र नकार देतं. कितीदा बोट नेलं आणि मागं घेतलं. त्यातच गेल्या आठवड्यात सेल संपत आल्याची सूचना पडद्यावर उमटली. आतली माहिती धरून ठेवणारा बटणाएवढा सेल वेगळा असतो, पण तो किती जुना, कुणास ठाऊक... तोही संपला असेल तर बाकीचे सेल काढताच सगळं पुसलं जाणार. न बदलावेत, तरी तेच. आकडे कागदावर उतरवता आले असते, पण मग ते माझ्या अक्षरातले झाले असते.

काल सेल बदलले. झाकण बसवलं. यंत्र सुरू केलं, 'ए' उघडली. दोन ओळी होत्या, खाली तीन शून्यं. परीक्षा जवळ आली आहे... माझं गणित मी 'बी' नावाच्या दुसऱ्या चौकटीत भरायला घेतलं.