भांडणानंतरची लाळ

झाकणाची छोटी प्लास्टिकची नळी दिसली, की मला बोरिवलीच्या आमच्या सोसायटीतलं महायुद्ध आठवतं. माझी आतेबहीण ताणाच्या हार्मोनवर संशोधन करत होती आणि भांडणाआधीची नि भांडणानंतरची लाळ मिळाली नाही, तर तिचा प्रबंध अडकणार होता. म्हटलं, आमच्या पार्किंगच्या मीटिंगला ये. सगळे आधी शहाण्यासारखे नळीत थुंकले. मग सेक्रेटरी म्हणाले, "स्कूटर उद्यापासून गेटबाहेर," आणि पहिली खुर्ची उडाली. पाण्याचा स्टीलचा जग सेक्रेटरींच्या कपाळावर आदळला, खजिनदारांचे दोन दात समोशांच्या ताटात पडले, रक्ताचा ओघळ पार लिफ्टपर्यंत गेला. बहीण नळ्या घेऊन मध्ये घुसली, "काका, आधी थुंका, मग मारा." थुंकले बिचारे, पण सगळं लालभडक. "रक्त मिसळलं की नमुना बाद रे दादा," ती रडकुंडीला आली. तेवढ्यात मी टेबलाखालून बाहेर आलो आणि स्वच्छ लाळेने नळी भरून दिली. तेवढा एकच नमुना चालला. प्रबंध वर्षभर लांबला. माझ्या नळीत हार्मोन इतका चढला होता, की तिला मशीनच बिघडलं असं वाटलं. त्या दिवशी मी सहा जणांना लोळवलं असं आजही सांगतो. बहीण समोर असली, तर दोघांना.