भाऊजी कॅम्पला गेले

पार्टटाइम सैन्य असतं, यावर बुवापाड्यात फक्त माझाच विश्वास नव्हता. बाकीच्यांचा मी बसू दिला नाही.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, मोरिवलीच्या एका कारखान्यात लेथ चालवायचे आणि रविवारी प्रादेशिक सेनेचा हिरवा गणवेश चढवून परेडला जायचे. आठवडाभर लोखंड कातायचं आणि सुट्टीच्या दिवशी देश राखायचा! मला हे पटेना. (चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मी चोर नव्हतो, नुसता बेकार होतो.)

"अगं, शिकवणी पार्टटाइम असते. सैन्य कसं असेल?"

"मग तो गणवेश?" ताई म्हणायची.

"गणवेश काय, कॅम्पात पाहिजे तो शिवून मिळतो."

आमच्याकडे कॅम्प म्हणजे उल्हासनगर, जुन्या लष्करी छावणीच्या पाच कॅम्पांवर वसलेलं. चादरींपासून चपलांपर्यंत सगळं तिथूनच यायचं. त्यामुळे एका सकाळी भाऊजी ट्रंक उचलून "पंधरा दिवस कॅम्पला चाललो" एवढंच बोलून निघून गेले, तेव्हा आई आणि मी ताईच्या घरी धावलो.

"कॅम्पला?" आई म्हणाली. "लोकं रिक्षाने जाऊन दुपारच्या जेवणाला परत येतात. पंधरा दिवस काय करायचंय तिथे?"

"दुसरं घर असणार," मी म्हणालो. अगदी सहज म्हणालो, पण ताईची तव्यावरची भाकरी करपली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिने दोन दिवस नीट अन्न घेतलं नाही, तेव्हा मला फार वाईट वाटलं आणि मी भाऊजींना शोधायला निघालो.

"इधर मिलिटरी किधर है?" एका कापडवाल्या सिंधी शेटजींना मी विचारलं.

"साईं, वो तो हमारे आने से पहले चली गई. चालीस साल हुआ. पँटपीस दिखाऊं?"

पाचही कॅम्प पालथे घातले. भाऊजी सापडले नाहीत, दोन पँटपीस मात्र झाले.

"कॅम्पात नाहीतच ते," मी येऊन सांगितलं. ताईने बॅग भरली. माहेर समोरच्याच गल्लीत होतं, तरी भरली. आता मात्र मीच घाबरलो.

एवढ्यात चामटोलीचे कदमकाका निरोप घेऊन आले. ते भाऊजींच्याच पलटणीतले. "उद्या बडाखाना आहे, सगळ्या पलटणीचं एकत्र जेवण, घरच्यांना बोलावलंय. डोंगराखाली तंबू दिसतील. पलटणीची रीतच आहे, त्या दिवशी साहेब लोक जवानांना स्वतः वाढतात."

"साहेब वाढतात?" मी ताईला कोपराने ढोसलं. "बघ, काहीही सांगतात."

"मी जाणार," ताई म्हणाली. "हे दिसले तर ठीक. नाहीतर बॅग घेऊन सरळ आईकडे."

तंबू होते. फाटकावर रायफलवाला संत्रीही होता. तरी शेवटची खात्री म्हणून मी त्याला विचारलं, "इधर कुल कितने लोग हैं? बंदूक असली है? रात को पहारा कौन देता है?"

त्याने मला बाजूला घेऊन उकिडवं बसवलं.

भाऊजी आले. कडक इस्त्री, चकचकीत बूट. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"बॅग कशाला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी लाडू," ताई म्हणाली. (आत तिच्या सगळ्या साड्या होत्या.)

संत्रीने माझ्याकडे बोट केलं. "इसको पहचानते हो?"

भाऊजींनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "ये मेरी मिसेस है. इसका पक्का बोल नहीं सकता."

बडाखान्यात मला एका मेजरसाहेबांनी स्वतः वाढलं. जेवण संपेपर्यंत पाठीशी रायफलवाला उभा होता, त्यामुळे मटण परत मागायची काही हिंमत झाली नाही.