दोन टकटक

आबा सरळ जमिनीवरही बसमध्ये उभं राहिल्यासारखे उभे राहत. पाय थोडे फाकलेले, एक खांदा भिंतीकडे कललेला, जणू आत्ता फरशी हलेल आणि पुढच्या गावाचं वळण येईल. बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस निवृत्त झाल्यावर घरी बसेना, म्हणून धुळ्यातल्या आमच्या छोट्या संग्रहालयात माहिती सांगायला येऊ लागला. एका बंद पडलेल्या शाळेच्या चार खोल्या, त्यात खानदेशातली जुनी अवजारं, भांडी, दागिने, वजनं, मापं. पगार कुणालाच नव्हता. गळ्यात एक कार्ड मिळायचं, त्यावर ‘मार्गदर्शक’ असं छापलेलं. आबा ते कार्ड इस्त्रीच्या शर्टावर असं घालायचे की बघणाऱ्याने आपोआप रांग लावावी.

सुरुवात करण्याची त्यांची एक रीत होती. लोक खोलीत शिरले की ते दारातच थांबत आणि मोठ्याने विचारत, “शेवटचा माणूस आत आला का?” मागून “आला” असा आवाज आल्याशिवाय ते एक शब्द बोलत नसत. आवाज आला की दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक. दोन म्हणजे चला. कुणी वस्तूला हात लावू लागला की एकच टक. एक म्हणजे थांबा. शाळेची पोरं दुसऱ्या खोलीपर्यंत ही भाषा शिकून जात.

मी त्यांच्यानंतर काही महिन्यांनी तिथे आले. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त असत. वडील मोर्च्यांची, सभांची पत्रकं लिहीत आणि मी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवत मोठी झाले. त्यामुळे पहिल्याच दिवशी मी चुलीच्या भांड्यांपुढे उभी राहून बाईच्या श्रमांवर वीस मिनिटं बोलले. लोक पांगले. आबा म्हणाले, “बेटा, चांगलं बोललीस. पण तुझी गाडी पुढे गेली आणि पाशिंजर स्टँडवरच राहिले.”

माणसांवर त्यांचा जीव होता. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या बाया उन्हातून जरा टेकायला म्हणून आत येत. व्यवस्थापक साहेबांना ते आवडत नसे. पिशव्या, चपला, लहान लेकरं. आबा मात्र त्यांना हाताला धरून आणत. “या माय, या. बठ्ठं तुमनंच शे.” सगळं तुमचंच आहे, म्हणत. शाळांशी प्रमाण मराठीत बोलणारे आबा या बायांसमोर घरच्या बोलीत शिरत आणि दहा वर्षांनी तरुण दिसत.

अशाच एका बाजाराच्या दिवशी ते घडलं.

तिसऱ्या खोलीत एक तिफण होती, तीन दातांची पेरणीची. तिच्या बांबूच्या नळ्या कधीच मोडून गेल्या होत्या. वर चाडं होतं, लाकडी वाटीसारखं, पण पालथं ठेवलेलं, फुगीर बाजू वर. पाटीवर लिहिलं होतं, ‘चाडे (झाकण)’. आबा वर्षभर सांगत आले होते, की पाखरांनी बी खाऊ नये म्हणून हे झाकण, आणि त्याला तीन भोकं आहेत ती हवा खेळायला. आबा धुळ्यातच वाढलेले. शेत त्यांनी पाहिलं ते बसच्या खिडकीतून. पाटीवर जे होतं ते त्यांनी उचललं आणि हवेची गोष्ट स्वतः जोडली. खरं सांगायचं तर मला ती फार पटली होती. मीही सांगत असे.

त्या दिवशी शिरपूरकडची एक म्हातारी तिफणीपुढच्या दोरीपाशी उभी राहून ऐकत होती. मध्येच ती पदर तोंडाला लावून हसू लागली.

“भाऊ, तू काय सांगी राहिना? हाई झाकन नही. हाई चाडं शे, ते बी उलटं.”

आबा थांबले. “उलटं?”

“मंग! बी ह्या भोकंसमाईन खाले पडस. तू भोकं वर करी ठेवात. बी काय आभायमा पेरशी?”

बाकीच्या बाया खदखदून हसल्या. आबांनी दोरी काढली. ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी तेच रोज पुसून ठेवत. तिच्यासमोरून ते म्हातारीला आत घेऊन गेले. तिने चाडं उचलून सुलटं ठेवलं, ओटीतून काही काढल्यासारखं केलं आणि रिकामी मूठ वर धरली. अंगठा हळूहळू सरकत होता. तिन्ही भोकांत सारखं बी जावं, न बघता, चालता चालता. हसणं थांबलं होतं.

“बैल हाकनारा हाकस,” ती म्हणाली. “पेरस ती बाई. मी चाळीस वरीस मूठ धरेल शे.”

ती गेल्यावर आबांनी भेटीची वही काढली आणि वर्षभरात येऊन गेलेल्या शाळा मोजल्या. अकरा निघाल्या.

साहेबांनी ऐकून घेतलं. साहेब वाईट नव्हते, त्यांना फक्त शांतता हवी होती. “आबा, उलटं होतं, सुलटं झालं. पाटी बदलू. विषय संपला.”

“साहेब, वस्तू सुलटी झाली. पोरांच्या वह्या उलट्याच आहेत.”

“म्हणजे तुम्ही शाळाशाळांतून सांगत फिरणार, की आमच्याकडे चुकीचं शिकवतात? मग इथे पुन्हा कोण येईल?”

“मी सांगेन, मी चुकलो.”

“मग गळ्यातलं कार्ड इथे ठेवून जा. संग्रहालयाचं नाव लावून हे चालणार नाही.”

आबांनी कार्ड काढलं, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि ते टेबलावर ठेवलं. निवृत्तीनंतर सकाळी दाढी करायला त्या माणसाला तेवढं एकच कारण उरलं होतं. ते मला माहीत होतं, साहेबांनाही माहीत होतं.

त्याच दिवशी मी पत्रक लिहून काढलं. ‘खुर्चीत बसून पाट्या लिहिणाऱ्यांनो, पेरणाऱ्या हाताला विचारलंत का?’ अशी सुरुवात होती. त्यात साहेब होते, व्यवस्था होती, पुरुषी इतिहास होता. आबांच्या घरी जाऊन मी ते खड्या आवाजात वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“झकास आहे. पण बेटा, यात मी कुठे आहे?”

“तुमच्यावर तर अन्याय झालाय.”

“अकरा शाळांना खोटं कुणी सांगितलं? साहेबाने? हवा खेळायला भोकं, हे डोकं कुणाचं? तुझ्या पत्रकात बठ्ठे चुकले, फक्त आपण दोघं सोडून.”

मी कागद घडी करून पिशवीत घातला. त्या पत्रकातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं. पण ते लोकांना वाटायला माझा हात उठला नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शाळांना जाऊ लागलो. आबांनी एका करवंटीला तीन भोकं पाडून घेतली होती आणि खिशात ज्वारी. वर्गात शिरले की दारावर दोन टकटक, आणि मग सरळ, “पोरांनो, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं.” मास्तर लोक अवघडायचे, पोरं मात्र ताठ बसायची. मोठा माणूस असं म्हणताना त्यांनी पाहिलं नव्हतं. आबा करवंटीवर मूठ धरून ज्वारी सोडून दाखवत. ती एका भोकात भसकन जाई, दुसऱ्यात जातच नसे. पोरं हसत. “हसा, हसा. बत्तीस वर्षं तिकिटं फाडली या हातांनी, पण हे नाही जमत. तुमच्या आजीला जमतं. घरी जाऊन विचारा.”

पोरं खोडरबर काढू लागली की एक टक. “खोडू नका. आडवी रेघ मारा आणि खाली खरं लिहा. काय चुकलं होतं तेपण दिसू द्या.”

अकरावी शाळा साक्रीच्या रस्त्यावर होती. तिथपर्यंत पोचायला आम्हाला सव्वा महिना लागला. आबांचे गुडघे तेव्हाच बोलू लागले होते. मी म्हटलं, एवढ्या एका शाळेला पत्र टाकू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेवटच्या माणसाला स्टँडवर सोडून बेल मारायला सांगत होते.

पुढे शाळा पुन्हा संग्रहालयात येऊ लागल्या. चाड्यावर मूठ कशी धरायची ते बघायला काही पोरं आपल्या आज्यांनाच घेऊन आली. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, “ते आबा कुठे आहेत?” तीन महिने साहेबांनी हा प्रश्न ऐकला. मग एका सकाळी ते स्वतः आबांच्या घरी गेले आणि चहा पिऊन कार्ड बशीशेजारी ठेवून आले. आबांनी ते घातलं, पण आधी एक अट घातली. जुनी पाटी काढायची नाही. तिच्यावर रेघ मारून खाली नवी लावायची. साहेबांनी कपाळाला हात लावला. आज तिथे दोन्ही पाट्या आहेत. खालच्या पाटीवर लिहिलं आहे, ‘चाडे. यावर मूठ धरून बी सोडण्याचे काम बाई करते.’

गेल्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी साफ नकार दिला आणि मुलीने आबांना जळगावला, पिंप्राळ्याला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी ते म्हणाले, “आज गाडी तू ने. मी मागे राहतो.”

मी दारात उभी राहून विचारलं, “शेवटचा माणूस आत आला का?”

“आला,” मागून आबा म्हणाले.

चौथ्या खोलीत एका मुलीने दगडी भांड्याकडे बोट दाखवलं. “ताई, याच्या कडेला ही खाच कशाला?”

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तेल ओतायला. छान वाटत होतं, कुणी शंकाही घेतली नसती. मी तोंड उघडलं आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून मागे नजर गेली. आबा भिंतीला खांदा लावून, पाय फाकवून उभे होते, आणि खाचेकडे बघत होते.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे का?”

मागच्या चौकटीवर दोनदा टकटक झाली.