छातीतली शाळा

तुमचा बाबा पाच महिन्यांचा असताना त्याच्या छातीत एकदा धुकं दिसलं होतं. ती गोष्ट क्रमाने लिहिते. क्रम चुकला तर मला पुढचं आठवत नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही चिखल्याला, मँगनीजच्या खाणीच्या वसाहतीत राहत होतो. माझ्या धाकट्या दिरांना क्षय झाला होता. इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले होते, खोकला थांबला होता, आणि बाळ दिवसभर त्यांच्याच मांडीवर असे. मग बाळ खोकू लागलं. तुमसरला त्याच्या छातीचा फोटो काढला, हातावर क्षयाच्या चाचणीचं इंजेक्शन टोचलं. दोन्ही पाहणारे डॉक्टर भंडाऱ्याहून दोन दिवसांनी येणार होते. फोटो आमच्याजवळच दिला.

खाणीतल्या माणसांच्या छातीचे फोटो वरचेवर निघत, त्यामुळे वसाहतीत प्रत्येकजण अर्धा डॉक्टर होता. दुपारी अंगणात फोटो उन्हाकडे धरला गेला. निळसर काळोखात इवल्या फासळ्या, आणि काळजाच्या वर रुंद पांढरी सावली, पहाटे तलावावर धुकं उतरतं तशी.

"पांढरं दिसून राहिलं नं? माह्या फोटोत असंच होतं," शेजारचे म्हातारे खाणकामगार म्हणाले.

"तुमच्या फोटोत तं बिडीचा धूर होता!" त्यांची बायको म्हणाली. कोणी हसलं नाही.

मी इंग्रजी शिकलेली, घरात पुस्तकं बाळगणारी. पण मीही ते पांढरं पाहिलं आणि खरं मानलं. मग दिरांकडे पाहिलं.

"म्याच देल्लं न वहिनी त्याले," ते हळूच म्हणाले. दुसऱ्या सकाळी पिशवीत गोळ्या घालून ते बपेऱ्याला, गावच्या घरी निघून गेले.

ठरल्या दिवशी तुमसरला डॉक्टरांनी फोटो क्षणभरच पाहिला.

"हा रोग नाही, बाई. खोकला साध्या सर्दीचा. तान्ह्या बाळाची ही थायमस ग्रंथी मोठीच असते. शाळा समजा. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी इथे शिकून बाहेर पडतात."

बाळाच्या हातावरची टोचलेली जागा सपाट होती. क्षयाच्या जंतूशी या पेशींची अजून ओळखच झाली नव्हती. ओळख झाली की काय होतं, तेही त्यांनी सांगितलं. टी पेशी इतर पेशींना हाका घालतात, जंतूभोवती कडं करवतात. पण पुरे कधी म्हणायचं, हेही त्यांच्यातल्याच काहींना पाहावं लागतं. झुंज आवरली नाही, तर फुप्फुसच फाटतं.

"तुमच्या दिरांच्या फुप्फुसातला खड्डा एकट्या जंतूने पाडलेला नाही," ते म्हणाले. "आता त्यांच्या बेडक्याची तपासणीही स्वच्छ आलीय. बाळाला खुशाल घेऊ द्या."

मी चिखल्याची गाडी सोडली आणि बपेऱ्याच्या गाडीत बसले. खिडकीबाहेर धानाच्या बांध्या सरकत होत्या. बाळ मांडीवर झोपलं होतं. त्याची छाती वरखाली होई, आणि मला आत ती शाळा दिसे: नुकत्या जन्मलेल्या पेशी ओळीने बसलेल्या, आपलं कोण, परकं कोण, हे हळूहळू ओळखणाऱ्या. एखादी आमच्या गावच्या पाणकरासारखी, तलावाचं पाणी शेतांना सोडणारी आणि बांध फुटायच्या आत बंद करणारी. किती वेळ गेला, कळलं नाही.

दीर अंगणात होते. मला पाहताच मागे सरले.

"दुरूनच सांगा, वहिनी."

"बाळाला काही झालेलं नाही. चूक माझ्या नजरेची, भाऊजी. त्याच्या छातीत शाळा आहे म्हणे."

"एवढ्याशा पोराले शाळेत घातलं?" ते हसायला गेले. "खोटं तं नाही बोलून राहिल्या?"

"डॉक्टर म्हणाले, त्याला खुशाल घ्या."

ते रांजणाकडे गेले. कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. बाळ जागं होऊन त्यांच्या दिशेने झेपावत होतं, मला आवरत नव्हतं. आणि ते तिसऱ्यांदा पाणी घेत होते.