सांडोरच्या वाडीतलं डिसेंबरचं ऊन

नाताळच्या सुट्टीत वसईजवळ सांडोरला मावशीकडे जायचं ठरलं ते निव्वळ वालाच्या शेंगांसाठी. विरार पश्चिमेहून स्कूटर काढली आणि निर्मळमार्गे निघालो. जाणार असाल तर हाच रस्ता धरा. एखादा तास लागतो, खड्डे मनसोक्त आहेत, पण दोन्ही बाजूंना झाडी आणि जागोजागी चहा. शंभराच्या पेट्रोलमध्ये जाऊन-येऊन होतं. वाटेत गरम भजी खाल्ली. घराघरांवर कागदी तारे टांगलेले होते आणि मी भलताच खुशीत होतो.

मावशीच्या फाटकाशी पोचलो आणि आधी घड्याळ बघितलं. दुपारचे साडेबारा वाजलेले, आभाळ स्वच्छ, आणि अख्खी वाडी सावलीत.

कुसुममावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. काका गेल्यापासून एकटीच भाजी पिकवते. दोन वर्षांपूर्वी अर्धी जागा विकायची वेळ आली, तेव्हा दक्षिणेची की उत्तरेची, हे तिने मला विचारलं. मी बी.एस्सी. ना! जूनच्या सुरुवातीला, पावसाआधी, भर दुपारी उंच बांबू रोवला. सावली जेमतेम वीतभर, तीही दक्षिणेला. ‘दक्षिणेची विक, इमारतीची सावली तिच्या पलीकडच्या रस्त्यावर जाईल,’ असं मी छातीठोकपणे सांगितलं.

आता तिथे सात मजले उभे आहेत. मेथी पिवळी पडलेली, मुळ्याला नुसता पाला. विहिरीजवळ हातभर ऊन होतं, तिथे मावशी रोपं सरकवत होती.

“मार्गशीर्षात सूर्य खालून जातो, हे मी तुला म्हटलं होतं,” ती शांतपणे म्हणाली. “तू म्हणालास, तो नुसता लांब जातो म्हणून थंडी पडते, बाकी सगळं तेच.”

म्हणालो होतो खरं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तरी जेवू घातलंच. तांदळाची भाकरी आणि बिरडं. वाल बाजारातून आणलेले होते.

घरी येऊन लेकीचा पृथ्वीगोल दिव्यासमोर धरला, वाचलं, आणि दुसऱ्यांदा हादरलो. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते! ऋतू अंतरामुळे होतच नाहीत. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि वर्षभर एकाच दिशेला कललेला राहतो. जूनमध्ये आपली बाजू सूर्याकडे झुकते, म्हणून वसईत तो डोक्यावरून थोडा उत्तरेलाही जातो. डिसेंबरात आपण पाठ फिरवतो. तेव्हा तो भर दुपारीही दक्षिणेच्या आभाळात अर्ध्यावरच असतो, आणि इमारतीची सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी उत्तरेला पडते. जागेचा व्यवहार करणाऱ्यांनो, ऊन बघायला डिसेंबरात जा.

मावशीला फोन करून सगळं कबूल केलं. तिने एवढंच विचारलं, ऊन परत कधी येईल? होळीच्या आसपास, मी म्हणालो.

“तोवर भाजीचा हंगाम संपतो,” ती म्हणाली. “आणि पुढच्या वर्षी?”

पुढच्या वर्षीही असंच होणार, हे मला तिला सांगावं लागलं.