मूळ गोष्टीला फुटलेले फाटे

अप्पांचा उजवा हात आणि मराठी, दोन्ही एकाच सकाळी गेली. धारवाडच्या कोर्टात त्यांनी आयुष्यभर कन्नडमध्ये वकिली केली आणि घरी आल्यावर आमच्याशी मराठीत बोलले. पक्षाघातानंतर काही आठवड्यांनी वाचा थोडी परतली, ती कन्नडमधून. बेड, साकु, नीरु. नको, पुरे, पाणी. डॉक्टर म्हणाले, दोन भाषा असणाऱ्यांचं असं होतं कधी कधी, मराठीही येईल हळूहळू. आई आधीच गेलेली, भाऊ परदेशात. धारवाडातल्या केलगेरीच्या आमच्या घरात मराठी बोलणारी मी एकटी उरले.

मी हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. लांबची रजा टाकली. अप्पांना एकटं ठेवायची सोय नव्हती, ते उठायला बघायचे आणि पडायचे. पहिले दोन महिने मी फाटकाबाहेर गेले ती औषधाच्या दुकानापर्यंत. दुपारभर ते खाटेवर आणि मी शेजारच्या खुर्चीत. भाऊ फोनवर म्हणायचा, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही." हे वाक्य ऐकलं की मला फोन भिंतीवर आपटावासा वाटे.

त्या खुर्चीत बसून मी माझ्या सिरीजचे राहिलेले भाग बघायला घेतले.

कॉलेजात असल्यापासून मी एका अंतराळ-सिरीजची वेडी आहे. राहण्याजोगी दुसरी पृथ्वी शोधायला निघालेलं जहाज, त्याचा लंगडा कप्तान, सात सीझन. जहाज पोचलं, गोष्ट संपली. पण चालतं दुकान कोण बंद करतो? कंपनीने गोष्टीला फाटे फोडायला सुरुवात केली. पहिल्या फाट्यात कप्तानाचं तरुणपण. तो लंगडा कसा झाला, हे आम्हाला सात सीझन कुणी सांगितलं नव्हतं आणि म्हणूनच तो आमचा होता. आता दहा भाग खर्चून सांगितलं, एका अपघातात. संपलं! दुसऱ्या फाट्यात खलनायकाची बाजू. लहानपणी त्याला फार मारलं होतं म्हणे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना घरी मार बसतो, त्यांतलं कुणी ग्रह जाळायला निघालेलं नाही.

सिरीजच्या चाहत्यांचा मराठी ग्रुप आहे, त्यावर मी ही मतं लिहायचे. लोकांना ती आवडायची. दिवसभरात मला कुणी काही विचारत असेल तर तिथेच.

मी कानात इअरफोन घालून बघत असे. एकदा अप्पांनी डाव्या हाताने वायर ओढली. "जोर हच्च." आवाज वाढव. मी लॅपटॉप त्यांच्या बाजूला वळवला आणि मधेमधे कन्नडमध्ये समजावत राहिले. त्या भागात तरुण कप्तान वाळवंटात एकटाच गुडघे टेकून शपथ घेतो. अप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"यार नोड्यार?"

कुणी पाहिलं? साक्षीदार कुठाय? एवढ्या महिन्यांत मी पहिल्यांदा मोठ्याने हसले. त्या फाट्यावर मी चार पानं लिहिली होती, आणि त्यांनी दोन शब्दांत तो निकाली काढला.

पण तिसऱ्या फाट्यावरून आमचं बिनसलं. जहाज निघालं तेव्हा यादीत जिचं नाव आलं नाही, अशा एका बाईची ती गोष्ट. ती मागे राहते आणि एका संदेश-ठाण्यात बसून जहाजाकडून येणारे निरोप टिपून घेते. एकेक निरोप पोचायला वर्षं लागतात. आठ भागांत ती ठाण्याच्या दारापलीकडे जात नाही. शेवटी दुसरं जहाज निघतं, तिला जागा मिळते, आणि ती "मी इथेच बरी" म्हणून हसते.

अप्पांना तोच फाटा परत परत हवा. एक भाग संपला की ते बोट वर करत. पाचव्यांदा ते हसू बघताना माझा तोल गेला.

"हे खोटं आहे, अप्पा! ती राहते ते राहते, वर हसते कशाला? म्हणजे बघणाऱ्यांना बरं वाटावं. तिला कुणी विचारलं होतं?"

मी मराठीत ओरडत होते. त्यांना किती कळलं, कोण जाणे. ते म्हणाले, "नी होगु."

तू जा.

"कुठे जाऊ?"

"होगु," ते परत म्हणाले आणि भिंतीकडे तोंड वळवलं.

जायला जागा होती, हे त्यांना माहीत नव्हतं. ग्रुपमधले लोक पुण्यात जमणार होते आणि या फाट्यांवर मी बोलावं असा त्यांचा आग्रह होता. मी 'नाही' असं कळवलं होतं. त्या संध्याकाळी हो कळवलं. अळणावरजवळच्या खेड्यातली एक अक्का आमच्या गल्लीत आजाऱ्यांचं बघायला येत असे, घरी मराठी बोलणारी, पण कन्नडही तितकंच सफाईचं. ती दोन दिवस मुक्कामाला राहायला तयार झाली. अप्पांसाठी मी लॅपटॉप घरीच ठेवला आणि माझे मुद्दे वहीत उतरवून घेतले.

सकाळच्या बसला खिडकी मिळाली. कित्तूर मागे पडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हात मांडीवर घट्ट दाबून बसलेय, शाळेच्या बाकावर बसल्यासारखी. हात सुटे केले. बेळगाव आलं आणि फोन वाजला.

"बाई, अप्पा रडायलेत," अक्का म्हणाली. पुढचं नेटवर्कमध्ये तुटलं. मी तीनदा फोन लावला, लागला नाही. ड्रायव्हर चहा पिऊन गाडीत चढत होता. मी पिशवी घेऊन उतरले आणि धारवाडची बस धरली. आले त्याच रस्त्याने परत, तीच शेतं आता उलट्या बाजूला.

घरी पोचले तर अप्पा जेवून शांत झोपले होते. अक्का ताट धूत होती.

"परत कशाला आलासा वो?"

"तू म्हणालीस, रडतायत!"

"व्हय की. ते तुमचं त्या बाईचं लावलं मी. ती निरोप वाचती बघा, तिथं रडले. मग मीबी रडले." ती जराशी हसली. "तेच सांगायला फोन केलता. बरं वाटलं म्हणून."

मी ओट्याला टेकून तिथेच फरशीवर बसले. अप्पांचा राग आला, अक्काचा आला, सगळ्यात जास्त माझा. मला परत यायला कुणी सांगितलं नव्हतं. फोन पुन्हा लागेपर्यंत बसमध्ये बसून राहता आलं असतं. मी बसले नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांना विचारलं, त्या निरोपात एवढं काय आहे? तो चौथा भाग. बाईच्या बहिणीचा निरोप येतो, त्यात ती फक्त जेवायला काय होतं ते सांगते. निरोप पोचेपर्यंत बहीण जिवंत आहे का, हेही बाईला ठाऊक नाही. अप्पा बराच वेळ शब्द शोधत होते.

"निम्म अव्वा," ते म्हणाले. तुझी आई. मग डावा हात कानाशी नेऊन फोन धरल्यासारखा केला.

कोर्टातून ते दुपारी घरी फोन करायचे, हे मला आठवलं. आई सांगायची, आज वांगी केलीत. एवढंच बोलून दोघं फोन ठेवायची.

मी ग्रुपवर नवीन मत लिहिलं. शेवटचं हसू खोटंच आहे, ते मी मागे घेणार नाही. चौथा भाग मात्र मूळ सात सीझनांत कुठेही बसला नसता, जहाजावरच्या माणसांना ऐकत बसायला वेळ नव्हता. कुणीतरी लिहिलं, मॅडम मऊ पडल्या. एकाने विचारलं, मग पुण्याला का आला नाहीत? मी लॅपटॉप मिटला.

जूनपासून अक्का रोज सकाळी येते आणि मी अर्धा दिवस शाळेत जाते. बस सुटेपर्यंत माझा हात फोनवर असतो. अप्पांना मराठीतला पहिला शब्द मागच्या आठवड्यात आला. मी निघताना ते म्हणाले, "छत्री." ऊन रखरखीत होतं. मी छत्री घेतली.